बावन्न रविवार कोणाचे? चर्चमधील मुलांच्या वार्षिक नियोजनाचा इतिहास

#थ्रेड

१/ जगभरातील असंख्य चर्चमध्ये दरवर्षी एक बैठक भरते. समोर बावन्न रविवारांचा कोरा तक्ता असतो. नऊ ते बारा या वयाच्या मुलांना, म्हणजे बाल्य सरत आलेल्या पण तारुण्याच्या उंबरठ्यावर न पोहोचलेल्यांना, वर्षभर काय शिकवायचे आणि कोणत्या क्रमाने, हे त्या बैठकीत ठरते. बैठक साधी असते, परंतु त्या तक्त्यातील चौकोनांना सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात टाचण्यांचे कारखाने आहेत, शिकागोचा एक व्यापारी आहे, न्यूयॉर्कमधील एक मद्यालय आहे आणि बर्मिंगहॅममधील एक बॉम्बस्फोटही आहे. मुलाचा रविवार नेमका कोणाचा, हा या इतिहासातील मूळ प्रश्न.

२/ आरंभ इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरात होतो. अठराव्या शतकात हे शहर टाचण्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध होते आणि त्या कामात लहान मुले मोठ्या संख्येने राबत. आठवड्याचे सहा दिवस कारखान्याचे. सातव्या दिवशी कारखाना बंद असे आणि हीच मुले रस्त्यावर हुंदडत, शिवीगाळ करत, जुगार खेळत. ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स यांच्या नजरेस हे दृश्य पडले. १७८० मध्ये थॉमस स्टॉक या धर्मोपदेशकाच्या साहाय्याने त्यांनी या मुलांसाठी रविवारची शाळा उघडली.

३/ रेक्स हे या कल्पनेचे एकमेव जनक नव्हेत. हॅना बॉल या बाईंनी हाय विकम येथे १७६९ मध्येच असा वर्ग चालवला होता. रेक्स यांच्या हाती मात्र वृत्तपत्र होते. नोव्हेंबर १७८३ मध्ये त्यांनी या प्रयोगाची बातमी छापली आणि ती देशभर पोहोचली. त्यांनी वर्णिलेले वेळापत्रक आजही वाचनीय आहे. मुलांनी सकाळी दहानंतर यावे, बाराला घरी जावे, एक वाजता परत यावे, धडा वाचून चर्चला जावे, त्यानंतर पाचपर्यंत धर्मप्रश्नोत्तरे म्हणावीत आणि गोंगाट न करता घरी परतावे. शिकवणाऱ्या स्त्रियांना दिवसाला एक शिलिंग मिळे.

४/ या शाळेने रविवार निवडला, त्यामागे धर्माइतकेच अर्थकारण होते. मुलाच्या हाती मोकळा असा तेवढा एकच दिवस उरला होता. म्हणूनच या शाळांत अक्षरओळखीला विलक्षण महत्त्व आले. रविवारी वाचन शिकवणे बहुतेकांना मान्य होते, पण लेखन शिकवणे म्हणजे पवित्र दिवशी ऐहिक काम करणे, असा आक्षेप निघाला आणि त्यावर अनेक दशके वाद झडला. काही ठिकाणी लेखनाचा वर्ग आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी भरवून तोड काढण्यात आली. दमून आलेले मूल त्या संध्याकाळी किती जागे राहत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

५/ पुढे चित्र पालटले. १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे काम आठवड्याला ४८ तासांवर आणले आणि त्यांच्यासाठी रोज दोन तासांचे शिक्षण बंधनकारक केले. १८७० च्या कायद्यानंतर सरकारी पाठबळाच्या प्राथमिक शाळा देशभर उभ्या राहू लागल्या. अक्षरे शिकवण्याचे काम हळूहळू दैनंदिन शाळेकडे गेले आणि रविवारच्या शाळेकडे धर्मशिक्षण उरले. वेळ तीच राहिली, काम मात्र बदलले.

६/ दरम्यान वर्षाच्या तक्त्यात पहिले सण शिरू लागले होते. मँचेस्टरमध्ये पेन्टेकॉस्टच्या आठवड्यात घोड्यांच्या शर्यती भरत आणि त्यांच्याबरोबर दारू व जुगारही येई. १८०१ पासून तेथील रविवार शाळांनी याच आठवड्यात मुलांच्या मिरवणुका काढण्यास आरंभ केला. पांढरे कपडे, निशाणे, वाद्ये आणि शेवटी सर्वांना खाऊ. पुढे शहराबाहेरच्या सहलीही निघू लागल्या. मुलांना जत्रेपासून दूर ठेवायचे, तर त्यांना दुसरी जत्रा द्यावी लागते, हे त्या शिक्षकांनी ओळखले होते.

७/ अटलांटिकपलीकडेही असेच घडले. न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिनमध्ये १८२९ पासून रविवार शाळांच्या संघाची वार्षिक मिरवणूक निघू लागली. हा दिवस तेथे इतका रुजला की पुढे त्याला शाळांची अधिकृत सुट्टी मिळाली. मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी येथे चार्ल्स लिओनार्ड या पाळकांनी १८५० च्या दशकात जूनमधील एक रविवार खास मुलांसाठी राखला आणि त्यातून अमेरिकन चर्चमधील ‘बालदिना’ची प्रथा पसरली. वर्षाला अशा प्रकारे काही ठळक तारखा लाभल्या, पण उरलेल्या रविवारी काय शिकवायचे, याचा कोणताही सामायिक क्रम नव्हता.

८/ तो क्रम नसल्याने गोंधळ मोठा होता. एका शाळेत मुले वचनांमागून वचने पाठ करत आणि ज्याची वचने अधिक त्याला बक्षीस मिळे. शेजारच्या शाळेत शिक्षक मनास येईल तो अध्याय उघडत. एकाच शाळेतील दोन वर्गांतही मेळ नसे. शिक्षक बदलला की मुलांचे शिक्षण पुन्हा पहिल्या पानावर येई. विविध प्रकाशकांनी पाठमाला काढल्या, त्यामुळे बाजारात पुस्तके वाढली, गोंधळ मात्र कायम राहिला.

९/ येथे शिकागोचा व्यापारी रंगमंचावर येतो. बी. एफ. जेकब्स हे आडतीचा व्यवसाय करणारे बॅप्टिस्ट गृहस्थ. त्यांची मागणी साधी होती: सर्व पंथांच्या सर्व शाळांत, सर्व वयाच्या विद्यार्थ्यांनी, एका रविवारी बायबलमधील एकच उतारा अभ्यासावा. एप्रिल १८७२ मध्ये इंडियानापोलिस येथे राष्ट्रीय रविवार शाळा अधिवेशन भरले आणि मोठ्या बहुमताने ही योजना स्वीकारली गेली. पाच धर्मोपदेशक आणि पाच सामान्य सभासद यांची समिती नेमण्यात आली. सात वर्षांत संपूर्ण बायबलमधून एक फेरी घ्यायची, असे ठरले. १८७३ च्या जानेवारीपासून हे ‘एकसमान पाठ’ सुरू झाले.

१०/ आज ज्याला वार्षिक नियोजन म्हणतात, त्याचा सांगाडा येथे तयार झाला. वर्षाचे चार भाग आणि प्रत्येक भागात तेरा रविवार. बहुतांश रविवारी नवा पाठ, शेवटच्या रविवारी उजळणी. प्रत्येक पाठासोबत पाठ करण्यासाठी एक ‘सुवर्णवचन’. १८८० च्या दशकात दारूबंदीसाठी लढणाऱ्या महिला संघटनेने आग्रह धरला आणि दर तिमाहीला एक पाठ मद्यपानाच्या दुष्परिणामांसाठी राखला जाऊ लागला. म्हणजे तक्ता तयार होताच त्यात जागा मिळवण्यासाठी चढाओढही सुरू झाली. ती आजतागायत थांबलेली नाही.

११/ या योजनेचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. वृत्तपत्रे येत्या रविवारच्या पाठाचे विवेचन छापू लागली. गाव बदलून गेलेल्या मुलाला नव्या शाळेत तोच पाठ भेटे. घरी जेवणाच्या टेबलावर आजोबा, आई आणि नात एकाच उताऱ्याविषयी बोलू शकत. शिक्षकांच्या तयारीसाठी १८७४ च्या ऑगस्टमध्ये जॉन हेल व्हिन्सेंट आणि लुईस मिलर यांनी शटाक्वा सरोवराकाठी प्रशिक्षण शिबिर भरवले. त्यातूनच पुढे प्रौढशिक्षणाची विख्यात शटाक्वा चळवळ उभी राहिली.

१२/ लुईस मिलर हे शेतीयंत्रांचे संशोधक आणि उत्पादक. पुढे थॉमस एडिसन त्यांचे जावई झाले. ओहायोतील ॲक्रन येथे १८७० च्या सुमारास त्यांच्या कल्पनेतून रविवार शाळेची आगळी इमारत उभी राहिली. मध्ये मोठे दालन आणि भोवती अर्धवर्तुळात लहान खोल्या. दारे उघडली की सारी शाळा एका व्यासपीठासमोर, दारे मिटली की प्रत्येक वर्ग स्वतंत्र. एकच पाठ सर्वांनी एकत्र उघडावा, वयानुसार वेगळा शिकावा आणि एकत्र मिटावा, या वेळापत्रकालाच विटांचे रूप दिले गेले. अशा आराखड्याची चर्च पुढे अमेरिकाभर बांधली गेली.

१३/ योजनेतील उणीव तिच्या गुणातच दडलेली होती. सात वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा यांच्यासाठी एकच पाठ! राजांच्या वंशावळी किंवा पौलाच्या पत्रांतील गहन विवेचन लहानग्यांच्या डोक्यावरून जाई, तर थोरांना मुलांसाठी सोपा केलेला पाठ अपुरा वाटे. शिवाय पाठांचा क्रम बायबलच्या क्रमाने चाले, चर्चच्या सणांच्या क्रमाने नव्हे. आगमनकाल, उपवासकाल आणि पुनरुत्थानाचा सण यांना महत्त्व देणाऱ्या लुथरन व एपिस्कोपल मंडळ्यांना हे रुचण्यासारखे नव्हते आणि त्यांनी चर्च-वर्षाला धरून आपल्या पाठमाला आखल्या.

१४/ शतक पालटता पालटता आणखी एक विद्याशाखा या वादात उतरली: बालमानसशास्त्र. जी. स्टॅन्ली हॉल यांचा ‘ॲडोलसन्स’ हा द्विखंडी ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ ते बारा ही वर्षे मानवी आयुष्यातील एक वेगळाच कालखंड आहे, असे हॉल यांचे मत होते. या वयात शरीर काटक असते, स्मरणशक्ती तल्लख असते, सवयी पक्क्या होतात, पण अमूर्त चिंतनाची वेळ अजून आलेली नसते. त्यांच्या अनेक सिद्धान्तांना पुढील संशोधकांनी बाद ठरवले. तरीही या वयाच्या मुलाला ‘छोटा प्रौढ’ किंवा ‘मोठे बाळ’ समजू नये, हा विचार टिकला.

१५/ १९०८ मध्ये लुइव्हिल येथील अधिवेशनाने अखेर वयानुसार ‘श्रेणीबद्ध पाठां’ना संमती दिली. नऊ ते बारा या वयाचा ‘ज्युनियर’ हा स्वतंत्र विभाग मानला गेला आणि त्यासाठी वीरकथा, प्रवास, पराक्रम असे विषय निवडले गेले. हे पाठ ऑक्टोबर १९०९ पासून सुरू झाले. येथे महिना महत्त्वाचा आहे. एकसमान पाठांचे वर्ष जानेवारीत उघडे, श्रेणीबद्ध पाठांचे वर्ष शाळेच्या वर्षाला जवळ सरकले. सुट्टीनंतर मुलांना पुन्हा गोळा करणारा मेळाव्याचा रविवार आणि वरच्या वर्गात पाठवणारा बढतीचा रविवार यांना त्यामुळे नवे महत्त्व आले.

१६/ ही क्रांती सर्वत्र यशस्वी झाली नाही. श्रेणीबद्ध पाठांसाठी खोल्या हव्यात, शिक्षक हवेत आणि प्रत्येक वयासाठी वेगळी पुस्तके हवीत. एकच खोली, दोन शिक्षक आणि पंधरा मुले असलेल्या खेड्यातील चर्चला ते परवडणारे नव्हते. परिणामी दोन्ही पद्धती समांतर चालू राहिल्या. एकसमान पाठांची परंपरा आजही खंडित झालेली नाही. ॲक्रन पद्धतीच्या इमारती मात्र मागे पडल्या. प्रत्येक वर्गाचा पाठ वेगळा झाल्यावर एकदम उघडणाऱ्या दारांचे प्रयोजनच उरले नाही.

१७/ रविवारच्या पलीकडे एक मोठा काळ मोकळा राहिला होता, तो म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी सुट्टीतील बायबल शाळा सुरू केली. जागा म्हणून त्यांनी एक मद्यालय भाड्याने घेतले. गाणी, गोष्टी, हस्तकला आणि खेळ असा तिचा दिनक्रम होता. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी हा प्रयोग शहरात अन्यत्र नेला आणि १९०७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ग्लॉस्टरच्या मुलांकडे एकच मोकळा दिवस होता. न्यूयॉर्कच्या मुलांकडे मोकळे आठवडे होते, पण जाण्यासाठी जागा नव्हती.

१८/ आतापर्यंतचा वाद मुलांनी कधी आणि काय शिकावे, याचा होता. मंडळीच्या मुख्य उपासनेत त्यांचे स्थान काय, हा त्याहून अवघड प्रश्न. अनेक चर्चनी वर्षातील एक रविवार ‘युवा रविवार’ म्हणून राखला. त्या दिवशी मुले श्रोते नसतात. गायन, स्वागत, वाचन अशी उपासनेतील कामे ती सांभाळतात. अलाबामातील बर्मिंगहॅम येथील सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ हा असाच रविवार होता. त्याच वर्षी २ मे रोजी याच चर्चमधून शेकडो शाळकरी मुले वर्णभेदाविरुद्ध मोर्चाने निघाली होती.

१९/ त्या दिवशी रविवार शाळेच्या पाठाचा विषय होता क्षमा करणारे प्रेम. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी वर्णद्वेष्ट्यांनी पेरलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. तळघरातील खोलीत उपासनेची तयारी करणाऱ्या चार मुली ठार झाल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या होत्या. डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची होती. पहिल्या आरोपीला शिक्षा होण्यास १९७७ उजाडले, इतर दोघांना थेट २००१ आणि २००२ मध्ये शिक्षा झाली. वर्षाच्या तक्त्यातील ‘युवा रविवार’ हे दोन शब्द तेव्हापासून त्या शहरात केवळ कार्यक्रमाचे नाव राहिले नाहीत.

२०/ भारतात हा सारा वारसा मिशनऱ्यांबरोबर आला. इंडिया संडे स्कूल युनियनची स्थापना १८७६ मध्ये अलाहाबाद येथे झाली. मराठी ख्रिस्ती समाजात ‘शब्बाथ शाळा’ हा शब्द रुजला. परंतु आयात केलेला तक्ता इथल्या ऋतूंना जसाच्या तसा लागू पडणे शक्य नव्हते. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. अमेरिकेत जुलैत भरणारी सुट्टीतील बायबल शाळा इथे एप्रिल-मेमध्ये भरते. बीड-अहिल्यानगर पट्ट्यात तर ऊसतोडीच्या हंगामात अनेक कुटुंबे मुलाबाळांसह काही महिने गावाबाहेर असतात. तेथे नाताळच्या नाटकाची पात्रे ठरवताना आधी गावात कोण आहे, हे पाहावे लागते.

२१/ त्यात आणखी एक पेच आहे. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, पण पाश्चात्त्य गणनेनुसार पुनरुत्थानाचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कोणत्याही तारखेस येतो. त्यामुळे उपवासकाल, झावळ्यांचा रविवार आणि पेन्टेकॉस्ट हे सारे दरवर्षी सरकतात. गतवर्षीचा तक्ता नुसता उतरवून घेता येत नाही. पवित्र सप्ताह आणि वार्षिक परीक्षा एकत्र आल्या, तर पाचवी-सहावीतील मूल कोणत्या बाकावर सापडेल, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही.

२२/ आजच्या बैठकीतील कोऱ्या तक्त्यावर म्हणूनच अनेक हातांची अक्षरे उमटलेली असतात. तेरा आठवड्यांची तिमाही जेकब्स यांच्या समितीची, बढतीच्या रविवारचे महत्त्व श्रेणीबद्ध पाठांचे, सुट्टीतील वर्ग एलायझा हॉज यांचे आणि सहल मँचेस्टरच्या शिक्षकांची. या परंपरेत जे जे टिकले, त्याच्या मुळाशी एकच चौकशी होती: ही मुले आत्ता कुठे आहेत, आणि त्यांच्या हाती कोणता वेळ उरला आहे? १७८० मध्ये ग्लॉस्टरच्या रस्त्यावर उभे राहून रेक्स यांनी तीच चौकशी केली होती. पाठ कोणता, हे त्यानंतर ठरले.

(समाप्त)